पिक्चर ट्यूब वाचली तर टीव्ही वाचला

अमळनेरच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातला २१ इंची रंगीत टीव्ही दहा-बारा वर्षे माळ्यावर पडून होता. तो आता खाली काढून त्यावर लहानपणीचा कॅसेटचा व्हिडिओ गेम जोडला आहे. चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे चित्र धूसर दिसते आणि मग आपोआप स्पष्ट होते, वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग आहे, आणि गेमचे चित्र कधी रंगीत तर कधी काळे-पांढरे येते. एका मेकॅनिकने आतले सगळे कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे भाग) बदलायला सांगितले, दुसऱ्याने आतला बोर्ड काढून चायना किट, म्हणजे अनेक टीव्हींना चालणारा तयार बोर्ड, बसवायला सांगितले. यांपैकी काय करावे, आणि पुढे हा संच कसा टिकवावा?

जळगावात मी ३५ वर्षे टीव्ही दुरुस्त करतो आहे. त्या अनुभवावरून आधीच सांगतो, की दोन्ही सल्ले आज तरी मानू नयेत. आपण वर्णन केलेले तिन्ही दोष किरकोळ आहेत आणि त्यांतला एकही सगळे कंडेन्सर बदलून जाणार नाही.

या संचातला प्रत्येक सुटा भाग आजही मिळतो, जुन्या संचातून काढता येतो किंवा त्याला पर्याय सापडतो. अपवाद फक्त पिक्चर ट्यूबचा. नव्या रंगीत ट्यूब आता बाजारात येत नाहीत. ट्यूबच्या मागच्या अरुंद काचेच्या नळीत, म्हणजे नेकमध्ये, तीन कॅथोड असतात. ६.३ व्होल्टच्या हीटरने ते तापतात, त्यांच्यावरच्या ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि २० ते २५ हजार व्होल्टच्या ओढीने पडद्यावरच्या उजेड देणाऱ्या फॉस्फरवर आदळतात. हा लेप वापराने झिजतो आणि फॉस्फरही झिजतो. एकदा झिजले की ते भरून येत नाहीत. म्हणून जुन्या संचाबाबत कोणी काहीही सुचवले तरी मी आधी एकच गोष्ट पाहतो: याने ट्यूबचे आयुष्य वाढेल की घटेल?

जुन्या खेळांसाठी ही ट्यूबच का हवी, हेही थोडक्यात सांगायला हवे. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेमचे आणि आपल्याकडे विकल्या गेलेल्या त्याच्या असंख्य प्रतिकृतींचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असते. या टीव्हीवर ते आडव्या ओळींत जसेच्या तसे उमटते आणि दोन ओळींमध्ये बारीक काळी फट राहते. चित्रकारांनी रंग आणि आकृत्या त्या फटी व तो मऊपणा गृहीत धरूनच रेखाटल्या होत्या. शिवाय सिग्नल आत येताच तो पडद्यावर रेखाटला जातो, त्यामुळे बटण दाबणे आणि उडी दिसणे यांत टीव्हीकडून उशीर होत नाही. बंदुकीचे खेळ तर एलसीडीवर चालतच नाहीत, कारण पडद्यावरचा उजेड नेमक्या कोणत्या क्षणी येतो हे ती बंदूक पाहते आणि तो क्षण ट्यूबच्या रेखाटण्याशी बांधलेला असतो.

आता आपल्या मुख्य दोषाकडे येतो. सुरुवातीला धूसर आणि तापल्यावर स्पष्ट, हे लक्षण मी शेकडो वेळा पाहिले आहे आणि खानदेशात ते पावसाळ्यानंतर हमखास वाढते. पण त्याची कारणे दोन असू शकतात. त्यांतले एक अगदी स्वस्तात सुटते आणि दुसरे ट्यूबच्या म्हातारपणाचे असते, म्हणून आधी दोन्ही वेगळी करून घ्यावीत. टीव्ही रात्रभर बंद ठेवून सकाळी चालू करा आणि रिमोटने मेनू उघडा. मेनूची अक्षरे उजळ असूनही पसरलेली दिसत असतील, आणि सिग्नल नसतानाच्या मुंग्याही बारीक न दिसता कापसाच्या बोंडांसारख्या फुगलेल्या दिसत असतील, तर फोकसचा दाब, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत बारीक ठेवणारे व्होल्टेज, गळतो आहे असे समजावे. उलट चित्र आधी अंधुक आणि तांबूस असेल, उजेड हळूहळू चढत असेल आणि पांढरा भाग चंदेरी होऊन ओघळल्यासारखा दिसत असेल, तर कॅथोडचे उत्सर्जन घटलेले असते. आपल्या वर्णनात उजेड कमी असल्याचा उल्लेख नाही. त्यामुळे माझा संशय पहिल्या कारणावर आहे.

फोकसचा दाब साधारण सहा ते आठ हजार व्होल्टचा असतो. तो ईएचटी ट्रान्सफॉर्मरमधून (ट्यूबसाठी हजारो व्होल्टचा दाब तयार करणारा भाग) एका जाड वायरने नेकच्या टोकावरच्या बेसमध्ये येतो. ज्या प्लास्टिकच्या खोबणीत ट्यूबच्या पिना बसतात तिला आम्ही बेस म्हणतो. या बेसच्या आत फोकसच्या पिनेशेजारी एक छोटी बंद डबी असते आणि तिच्यात ठिणगी सुरक्षितपणे उडून जावी यासाठी दोन धातूंमध्ये बारीक फट ठेवलेली असते. माळ्यावरच्या दमट हवेने त्या डबीत गंज धरतो. ती उघडली की पितळी पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते. तिच्यातला ओलावा वीज गळू देतो, दाब खाली येतो आणि चित्र धूसर होते. संच तापला की ओलावा उडतो, गळती थांबते आणि चित्र ताळ्यावर येते. अनेक जण अशा वेळी ईएचटीवरचा फोकसचा नॉब फिरवून चित्र स्पष्ट करतात. त्याने सकाळचे चित्र सुधारते आणि तापल्यावरचे बिघडते. बेस खरवडून साफ केला तर एखादा पावसाळा निघतो, पण खरा उपाय नवा बेस घालण्याचा आहे. नेकचा व्यास आणि पिनांची रचना जुळवून घेतली की झाले. भागाची किंमत किरकोळ असते आणि काम तासाभराचे असते.

मात्र हे काम आपण स्वतः करू नये. टीव्ही बंद करून प्लग काढल्यानंतरही ट्यूबच्या काचेत साठलेली वीज बराच काळ राहते, आणि मुख्य फिल्टर कंडेन्सरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब उरलेला असू शकतो. जाणता मेकॅनिक आधी ट्यूबला वेढणाऱ्या तांब्याच्या अर्थिंगच्या जाळीला वायर जोडतो, तिचे दुसरे टोक इन्सुलेशन असलेल्या स्क्रू-ड्रायव्हरला बांधतो आणि त्याचे पाते ईएचटीची वायर ट्यूबला जिथे जोडते तिथल्या रबरी टोपीखाली सरकवून वीज उतरवतो. काही मिनिटांनी तो हेच पुन्हा करतो, कारण काचेत मुरलेली वीज परत वर येते. यातली एकही पायरी चुकवणाऱ्याच्या हाती आपला संच देऊ नये. दुसरा धोका नेकचा. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी बेस सरळ मागे न ओढता थोडा तिरका ओढला होता. आधी बारीक ‘फुस्स’ असा आवाज आला, आणि काही क्षणांत नेकजवळच्या काचेवरचा आरशासारखा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला. तो डाग पांढरा झाला म्हणजे आत हवा शिरली आणि ट्यूब गेली. ते ग्राहक शेतकरी होते, आणि कापसाच्या पैशांतून घेतलेला तो त्यांचा पहिला रंगीत टीव्ही होता. तेव्हापासून मी बेसला हात लावताना घाई केलेली नाही.

कोपऱ्यातला रंगीत डाग चुंबकत्वाचा आहे. ट्यूबच्या आत पडद्यामागे छिद्रांची पातळ पोलादी जाळी असते. शेजारी स्पीकर, मोटर किंवा शिलाई मशीन ठेवले, किंवा संचाची दिशा बदलून तो हलवला, तरी ती जाळी थोडी चुंबकीय होते आणि इलेक्ट्रॉन शेजारच्या रंगावर पडतात. टीव्ही चालू करताना ‘थम्म’ असा जो आवाज येतो तो ही जाळी साफ करणाऱ्या कॉइलचा असतो. तिला वीज देणारा पॉझिस्टर तापल्यावर ती आपोआप थांबते, आणि तो पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा नीट काम करत नाही. म्हणून शेजारचे स्पीकर दूर करा आणि टीव्ही मुख्य बटणाने बंद करून अर्ध्या तासाने चालू करा. असे चार-पाच वेळा केल्यावर बहुतेक डाग जातात. ‘थम्म’ ऐकूच येत नसेल तर बहुधा पॉझिस्टर गेला आहे, तो बदलून घ्यावा. डाग हट्टी असेल तर मेकॅनिककडची हातात धरायची डीगॉस कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत, हळूहळू दोन मीटर मागे नेऊन मगच बंद करायची असते. पडद्याजवळ असतानाच ती बंद केली तर डाग वाढतो. घरातल्या चुंबकाने हा प्रयोग करू नये.

काळ्या-पांढऱ्या चित्राचे कारण बहुधा टीव्हीच्या मेनूत आहे. आपल्याकडचे जुने टीव्ही प्रसारण पाल पद्धतीचे, ६२५ ओळी आणि ५० हर्ट्झचे होते. जपान-अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेले खेळ एनटीएससीचे, ५२५ ओळी आणि ६० हर्ट्झचे. टीव्ही ‘ऑटो’वर असेल तर कधी कधी तो चुकीची पद्धत ओळखतो. मेनूत ‘सिस्टिम’ किंवा ‘कलर सिस्टिम’ शोधून एकेक पर्याय हाताने लावून पाहा. गेमला पिवळ्या वायरीची एव्ही जोडणी असेल तर अँटेनाच्या वायरीपेक्षा तीच वापरावी. गेमचा मूळ अॅडॉप्टर हरवला असेल तर नवा घेताना व्होल्टेजइतकीच पोलॅरिटीही (पिनेचा आतला भाग प्लस की मायनस) तपासावी, कारण सगळ्या गेमची ती एकसारखी नसते. ज्यांच्या संचाला डीव्हीडीसाठी हिरवा, निळा आणि लाल असे तीन सॉकेट आहेत आणि ज्यांच्याकडे नंतरच्या पिढीचा गेम आहे, त्यांनी ती जोडणी जरूर करून पाहावी. रंगांच्या कडा किती स्वच्छ होतात ते पहिल्याच दृश्यात कळते.

कंडेन्सरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘सगळे बदला’ हा सल्ला हल्ली फार दिला जातो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळतात हे खरे आहे, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते हेही खरे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून बरेच अधिक तापते. परंतु सगळे कंडेन्सर सारखे तापत नाहीत. आधी जातात ते हीट सिंकला चिकटून बसलेले. चित्राचा वरचा भाग दुमडला जाऊन तिथे पांढऱ्या रेषा दिसू लागल्या तर चित्र वर-खाली पसरवणाऱ्या व्हर्टिकल आयसीजवळचा कंडेन्सर संशयित असतो. टीव्ही टिकटिक करतो पण उठत नाही, तर पॉवर सप्लायच्या प्रायमरी बाजूचा छोटा कंडेन्सर पाहावा. खेळात स्फोट होऊन पडदा उजळताच सारे चित्र रुंदावत असेल तर लाइन सेक्शनला (आडव्या ओळी रेखाटणाऱ्या व ईएचटी चालवणाऱ्या विभागाला) मिळणारा मुख्य दाब मीटरने मोजावा. २१ इंची संचात तो बहुधा ११० ते ११५ व्होल्टच्या आसपास असतो आणि उजेड बदलला तरी जागेवर राहायला हवा. लक्षण पाहून दोन-तीन कंडेन्सर १०५ अंश तापमान सोसणारे घालावेत. वीस-पंचवीस वर्षांचा बोर्ड पन्नास ठिकाणी तापवला की तांब्याचे पट्टे उचलले जातात आणि नव्हते ते दोष उभे राहतात. लाइन सेक्शनच्या आउटपुट ट्रान्झिस्टरजवळच्या १६०० व्होल्टच्या आसपासच्या कंडेन्सरबाबत तर कोणतीही तडजोड नको. त्याची वीज साठवण्याची क्षमता (कपॅसिटन्स) मूळच्यापेक्षा कमी झाली की ईएचटीचा दाब वाढतो, ट्यूबवर ताण येतो आणि क्ष-किरणांचाही धोका निर्माण होतो.

त्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे काम म्हणजे ड्राय सोल्डर, म्हणजे सुटू लागलेले सोल्डरचे सांधे, शोधणे. ईएचटीच्या पिना, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर, व्हर्टिकल आयसी आणि योकचा (नेकवरच्या, इलेक्ट्रॉनचा झोत वळवणाऱ्या तांब्याच्या कॉइलचा) कनेक्टर, एवढ्या चार जागा भिंगाखाली पाहाव्यात. पिनेभोवती केसाएवढी गोल काळी रेघ दिसली की तो सांधा सुटलेला असतो. टीव्हीला थाप मारल्यावर चित्र येते ते याच कारणाने. आणि थापा मारत राहिल्यास त्या सांध्यातली ठिणगी एक दिवस आउटपुट ट्रान्झिस्टर घेऊन जाते.

चायना किटला माझा सरसकट विरोध नाही. मूळ बोर्ड जळला असेल, ईएचटी कुठेच मिळत नसेल, तर किटमुळेच चांगली ट्यूब पुन्हा वापरात येते. पण आपला बोर्ड चालू आहे, तो काढणे म्हणजे नुकसान करून घेणे होय. किट अनेक ट्यूबना चालावे म्हणून बनवलेले असते. ते आपल्या योकशी जुळेलच असे नाही, आणि मुख्य म्हणजे हीटरचा दाब ते आपल्या ट्यूबसाठी ठरवून देत नाही. हीटरची वीज ईएचटीकडून सेकंदाला १५,६२५ वेळा येणाऱ्या झटक्यांच्या रूपात मिळते, आणि साधा मीटर ती बरोबर दाखवत नाही. मेकॅनिक मीटरवर सहा व्होल्ट पाहून समाधानी होतो, प्रत्यक्षात हीटर जास्त तापत असतो. चित्र सुरुवातीला झकास दिसते आणि कॅथोड झपाट्याने झिजतात. किट बसवायचीच वेळ आली तर हीटरच्या वायरीत योग्य रेझिस्टर घातला आहे का, आणि मुख्य दाब ट्यूबच्या मापाप्रमाणे लावला आहे का, हे उभे राहून विचारावे. ईएचटीच्या फेराइटवर वायरीचा एखादा जादा वेढा घालून म्हाताऱ्या ट्यूबचा हीटर वाढवण्याची युक्तीही आमच्या धंद्यात जुनी आहे. तिने काही महिने मिळतात. चांगल्या ट्यूबवर ती कधीही करू देऊ नये.

रोजच्या वापरात कॉन्ट्रास्ट खाली आणणे हा सर्वांत मोठा उपाय आहे. दुकानातल्या उजेडात उठून दिसावेत म्हणून हे संच फार भडक लावलेले असत. खोलीत थोडा अंधार करा आणि पांढऱ्या आकड्यांच्या कडा फुगणे थांबेपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी करा. शार्पनेसही बराच कमी ठेवा, कारण तो नवा तपशील आणत नाही, आकृत्यांभोवती खोटी पांढरी किनार काढतो. खेळ थांबवून जेवायला जाताना टीव्ही बंद करावा. स्कोअरची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली की तिचा ठसा फॉस्फरवर कायमचा उमटतो. रिमोटने बंद केलेल्या संचाचा पॉवर सप्लाय आत तापतच राहतो, म्हणून खेळ संपल्यावर मुख्य बटण दाबावे. लोडशेडिंगनंतर वीज येते तेव्हा पहिल्या काही मिनिटांत दाब वर-खाली होतो. वीज जाताच बटण बंद करून ठेवावे आणि आल्यावर पाच मिनिटांनी टीव्ही लावावा. वळवाचा पाऊस दिसू लागला की प्लग, आणि केबल किंवा डिशची वायर, दोन्ही काढाव्यात.

धूळ हा आपल्या भागातला वेगळा विषय आहे. धाब्याच्या घरात छतातून बारीक माती सतत गळते, आणि जिनिंगच्या आसपास हवेत कापसाचे तंतू असतात. अशा एका घरातला संच मी उघडला तेव्हा ईएचटीवर आणि रबरी टोपीभोवती गोधडीच्या अस्तरासारखा करडा थर बसला होता. उन्हाळाभर तो संच बिनतक्रार चालला होता आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर त्यातून ‘चट्‌ चट्‌’ आवाज येऊ लागला. ओला झालेला तो थर वीज वाहून नेत होता. कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढली, टोपीखालची काच स्पिरिटने पुसली, दिवसभर सुकू दिले आणि संच पूर्ववत झाला. म्हणून दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, पावसाच्या आधी, मेकॅनिककडून आतली सफाई करून घ्यावी. सफाई करणाऱ्याला एक सूचना मात्र द्यावी: नेकवरच्या रंगाने पक्क्या केलेल्या गोल कड्या आणि योकखालच्या रबरी पाचरी जराही हलवू नयेत. त्या हलल्या की तिन्ही रंग एकमेकांवर बसत नाहीत आणि ते पुन्हा जुळवण्यात दिवस जातो. वर कापड टाकायचे तर टीव्ही थंड झाल्यावर टाकावे. मागच्या जाळीतून पाली आणि झुरळे आत शिरतात, तेव्हा संच भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवावा.

हा टीव्ही परत माळ्यावर चढवू नये. महिन्यातून दोनदा तासभर चालवलेला संच ओलावा धरत नाही. उचलताना पडद्याची बाजू छातीकडे घ्यावी, कारण बहुतेक वजन त्या जाड काचेत असते. गाडीतून न्यायचा तर गोधडीवर पडदा खाली करून ठेवावा. भंगारात असाच संच दिसला तर त्याचा बोर्ड, बेस आणि रिमोट आठवणीने मागून घ्यावा. योकमधल्या तांब्यासाठी भंगारवाले नेक फोडतात, त्यामुळे ट्यूब साबूत मिळणे दुर्मीळ असते, पण बाकीचे भाग उपयोगी पडतात. फुटकी ट्यूब कचऱ्यात टाकू नये. तिच्या मागच्या काचेत शिसे असते, ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी.

तूर्तास आपण बेस बदलून घ्या, ईएचटीच्या पिनांचे सोल्डर तपासून घ्या आणि डागासाठी वरचा उपाय करा. एवढ्यानंतरही सकाळचे चित्र धूसर राहिले, तर चालू केल्यापासून पूर्ण उजेड यायला किती मिनिटे लागतात आणि पांढरी अक्षरे चंदेरी दिसतात का, हे दोन-तीन दिवस लिहून ठेवून कळवा. त्यावरून ट्यूबमध्ये किती आयुष्य उरले आहे याचा अंदाज सांगता येईल.